शेंदराखालची लेथ

कामठ्याजवळच्या एका बंद राइस मिलमधून मी जुनी लेथ मशीन, म्हणजे लोखंड कातायचे यंत्र, भंगाराच्या भावात घेतली. तेव्हा तिचा निम्मा भाग शेंदराने माखलेला होता आणि उरलेला निम्मा गंजलेला. वय कोणालाच माहीत नव्हते. नावाची पट्टी शेंदराखाली होती.

खरेदीचे कारण साधे होते. तरुणपणी मी आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स पूर्ण केला, पण नोकरी वर्तमानपत्रात लागली. निवृत्त होईपर्यंत मी इतरांच्या बातम्या कापल्या. लोखंड कापायचे राहून गेले. निवृत्तीनंतर गोंदियाजवळच्या गोरेगावला मोठ्या भावाच्या घरी राहायला आलो. मागच्या खोलीत माझा पलंग होता. बाकीची जागा हंगामात धानाच्या पोत्यांची.

मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली, तो बाजाराचा दिवस होता. रस्त्यात अनेकांनी हात जोडले. एका बाईने ट्रॅक्टर थांबवून विचारले, "कोनता देव होय जी?"

"लेथ होय, बाई," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

बाईने हे नाव आधी ऐकले नसावे. तरी तिने नमस्कार केला आणि पिशवीतले एक फूल वाहिले.

भावाने नमस्कार केला नाही. "हे काय आनून राहिला बे? धान काय तुया डोक्यावर ठेवू?" धान घरात येईपर्यंत मशीन चालली तर राहील, नाही तर भंगारात जाईल, असे त्याने सांगितले. भाऊ शेतकरी आहे. तो दिलेली मुदत वाढवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रा घेऊन शेंदूर खरवडायला बसलो. वहिनी उदबत्ती घेऊन आत आल्या.

"भाऊजी, हे काय करून राहिले?"

"शेंदूर काढतो आहे."

"काऊन? तुमच्या आंगाचं कातडं असं काढलं तं चालल का? अन् आधी चपला बाहेर काढा."

मी चपला बाहेर काढल्या. पत्राही बाहेर ठेवला.

मशीनचा मुख्य दांडा हाताने फिरत नव्हता. त्याला तेल द्यायची छिद्रे शेंदराने बुजली होती. म्हणून पंधरा दिवस मी फक्त गंजाच्या बाजूने काम केले. डिझेल, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर एवढे सामान पुरले. एका जुन्या आटाचक्कीची मोटर मिळाली, तीही बसवली. शेंदराच्या बाजूचे काम वहिनी करत होत्या. गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. दुसऱ्या आठवड्यात मशीनपुढे दोन नारळ जमले. त्यांची चटणी भावाने खाल्ली. मतात बदल झाला नाही.

उलट मुदत संपायची वाट न पाहता त्याने भंगारवाल्याला बोलावले. तो गोंदियाहून टेम्पो घेऊन आला, खोलीत शिरला आणि तसाच मागे सरून चपला काढून पुन्हा आत आला.

"भैया, इसको काँटे पे चढ़ाऊँ? मेरे भी बाल-बच्चे हैं।"

"अरे, लोखंड होय ते," भाऊ म्हणाला.

"तो पहले सिंदूर निकलवाओ। फिर फोन करना।"

टेम्पो रिकामा गेला. परिस्थिती स्पष्ट झाली. शेंदूर होता तोवर मशीन सुरक्षित होती, पण बंद होती. शेंदूर काढला तर ती चालू शकत होती आणि विकलीही जाऊ शकत होती.

बातमीच्या धंद्यात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की मूळ माणसाला विचारावे. ते मी पंधरा दिवस विसरलो होतो. शेवटी कामठ्याला जाऊन मिलच्या म्हाताऱ्या चौकीदाराला मोटारसायकलवर बसवून आणले. त्याने वहिनींसमोर सांगितले ते असे:

"मिल बंद झाली तं मालकानं तेल देनं बंद केलं जी. म्हने, बंद मशीनीले तेल कायले? मंग दसऱ्याले म्या शेंदूर लावला. शेंदराच्या तेलाले मालक नाई म्हनू शकला नाई. मंग दर शनवारी लावत गेलो. जेथवर हात पुरला तेथवर लावला."

"म्हंजे देव नाई होय?" वहिनींनी विचारले.

"देव असल तं आत असल, बाई. वरतं तेलच होय."

"मंग मी इतके दिवस उदबत्ती कोनाले लावली?"

"लोखंडाले बी बरं वाटते जी."

वहिनींनी विचार केला आणि अट घातली. ज्या हाताने लावला त्याच हाताने काढायला सुरुवात करायची. चौकीदाराने पहिला पापुद्रा काढला. पुढचे तीन दिवस मी काढला. सगळा शेंदूर वहिनींनी पितळी ताटात जमा करून गावाबाहेरच्या बोडीच्या पाण्यात सोडला. खालचे लोखंड कोरे निघाले. गंजाचा एक ठिपका नव्हता. छिद्रे मोकळी करून तेल सोडले तेव्हा दांडा एका बोटाने फिरला.

"आता तं लोखंडच होय ना?" भाऊ म्हणाला आणि फोन हातात घेतला.

पण फोन त्याने भंगारवाल्याला केला नाही. त्याच सकाळी मळणी यंत्राचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती पितळी नळी, झिजून गेला होता आणि धान कापून शेतातल्या बांधीत पडले होते. वर्कशॉपवाल्याने फोनवर चार दिवस थांबायला सांगितले. भावाने फोन खिशात टाकला आणि झिजलेला बुश मशीनवर आणून ठेवला.

मी पितळेचा तुकडा मशीनच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, बांधला. पहिला बुश सैल झाला. माप मीच चुकीचे घेतले होते.

"पेपरात बी असंच छापत होता का?" भावाने विचारले.

"हो. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापत होतो."

दुसरा बुश जवळचा चष्मा लावून केला. तो बसला. दुपारी मळणी सुरू झाली.

चौथ्या दिवशी पोती घरी आली. भाऊ मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. मजूर पोते पाठीवर घेऊन थांबले होते. मुदत त्या क्षणी संपत होती. त्याने मशीनकडे पाहिले, मोकळ्या जागेकडे पाहिले, आणि मग माझ्या पलंगाकडे.

"हा कोनत्या कामाचा होय?"

पलंग सध्या ओसरीत आहे. पोती मशीनपासून दीड हात सोडून लावली आहेत, चकची चावी फिरावी म्हणून. ते अंतर भावाने स्वतः मोजले. वहिनी दर शनिवारी तेल घालतात, आता छिद्रांत. ओसरीत डास आहेत, हे मी दोनदा सांगितले. दखल घेतली गेली नाही.