दुसऱ्या हाकेनंतर

मी सातवीला विज्ञान शिकवते. तिठ्यावर दृष्ट उतरवून टाकलेला नारळ पोरांदेखत फोडून खाल्लेली बाई आहे मी, तेव्हा असले किस्से मला सांगायची कुणाची टाप नव्हती. आज मीच लिहायला बसल्येय... हसायचं त्यांनी खुशाल हसा.

आमचं घर पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या उतारावर. रस्ता वर कातळावरच संपतो, गाडी खाली येत नाही. माझे मिस्टर मिरजोळ्याला एका कारखान्यात होते. संध्याकाळी वरच, आवाराच्या दगडी गडग्यापाशी बाइक लावायचे आणि तिथूनच हाक द्यायचे. हाक आली की मी चहा टाकायचा, ते उतरून येईतो उकळी आलेली असायची. वादळाच्या आदल्या वर्षी ते कामावरच कोसळले. त्या सकाळी आमचं शेवटचं बोलणं काय, तर बाइकची चावी कुणी हरवली यावरून वाद. तेव्हापासून घरात मी आणि सासूबाई, दोघीच.

पुढच्या मे महिन्यात ते मोठं चक्रीवादळ आलं. दुपारपासून वारा असा सुटला की पडवीची कौलं एकेक करून गेली. बागेत कलमं मोडत होती, लाइट सकाळीच गेलेली, मोबाइलला रेंज नाही. दारांना आडणे घालून आम्ही माजघरात बसलो होतो. सासूबाई देवाला गाऱ्हाणं घालून घालून दमल्या होत्या. साडेपाचच्या सुमारास वारा जरा पडला — आणि वरून हाक आली.

"सुलूऽऽ!"

त्यांचीच. तेरा वर्षं ऐकलेला आवाज, चुकेन कशी? आणि सांगायला लाज वाटते, पण मी उठून चहाचं भांडं हातात घेतलं. इतकी सवय!

आमच्याकडे एक नियम आहे. वाऱ्यावादळात किंवा कातरवेळी कुणी हाक मारली तर तीन हाका होईपर्यंत ओ द्यायची नाही. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो, 'ते' दोनदाच मारतं, आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीच मला हे बजावलं होतं आणि मी पदराआड हसले होते.

दुसरी हाक आली. सासूबाई उठल्या, मागच्या दाराशी गेल्या, आडण्याला हात घातला आणि ओ द्यायला तोंड उघडलं. ज्यांनी नियम शिकवला त्याच! मी भांडं टाकून धावले आणि त्यांचं तोंड दाबून धरलं.

"आई, ओ देऊ नका. तुम्ही पण गेलात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

तशाच उभ्या राहिलो दोघी, तिसऱ्या हाकेसाठी कान लावून. वारा परत सुटला. तिसरी हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी वर गेले तर गडग्यावर आंबा आडवा झालेला, वाट बंद. वाडीत विचारलं, त्या वेळी घराबाहेर कुणीच पडलं नव्हतं. सासूबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी पडलेले आंबे वेचताना खाली मान घालून म्हणाल्या, "माझ्या पोराने 'आयेऽऽ' म्हणून दोनदा हाक मारलीन, नि तू माझं तोंड दाबलंस." रागावून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण 'आये'? मी तर दोन्ही वेळा माझंच नाव ऐकलं होतं, अगदी स्पष्ट.

शाळेतले एक सर म्हणाले, कौलांमधून वारा घुमला असेल, मनात असतं तेच कानाला ऐकू येतं. वर्गात मीही हेच सांगितलं असतं. पण एकाच क्षणी दोघींना ऐकू येतं, दोनदा, आणि दोघींना हाक वेगवेगळी? आणि मानत नव्हते, तर मी तोंड दाबायला धावले का?

मी काय ऐकलं ते सासूबाईंना आजवर सांगितलेलं नाही. लेकाने हाक मारली ती आपल्याला, एवढ्यावर त्या दिवस काढतायत. त्या काही हे वाचणार नाहीत, म्हणून इथे लिहिते — अहो, ऐकलं मी. दोन्ही वेळा ऐकलं. ओ द्यायची तेवढी राहून गेली.