घाटावरचा भोंगा

कोरीट गावची रंजिता पाटील नंदुरबारला एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. तापीवरच्या एका बंधाऱ्याचे दरवाजे उघडण्याआधी खालच्या गावच्या घाटावर भोंगा वाजावा, हे तिच्या एकटीवर सोपवलेलं पहिलं काम. बंधाऱ्याच्या केबिनमध्ये संगणक, घाटावर खांबाला भोंग्याची पेटी, आणि मध्ये मोबाइलचं नेटवर्क. ते सारखं जायचं. म्हणून तिने निरोप पोचवणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅमचा संच, घेतली. तिच्यातलं सॉकेट, म्हणजे निरोप जायचं तोंड, पेटीच्या नेटवर्कवरच्या पत्त्याला जोडून दिलं की नेटवर्क गेलं तरी निरोप हरवत नाही. रांगेत थांबतो, वाट मिळाली की पोचतो. निरोप लायब्ररीच्या हवाली झाला की पडद्यावर हिरवा ठिपका दिसे.

केबिनवर त्याच गावचा भिला होता. त्याने विचारलं, "ताई, हिरवं व्हयनं म्हंजे भोंगा वाजना ना?"

"वाजलाच समजा, भिलाभाऊ."

नवरात्राच्या तोंडावर गावातल्या बाया गोधड्या धुवायला पात्रात उतरल्या होत्या. वरून पाणी येतंय असा केबिनवर फोन आला. भिलाने बटण दाबलं. हिरवा ठिपका आला. जीव राहवेना म्हणून त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा हिरवा. मग त्याने दरवाजे उचलले.

भोंगा वाजला नाही. पाण्याचा आवाज ऐकून बाया धावत वर आल्या, पण भिलाची बायको धनुबाई भिजून जड झालेली गोधडी ओढत मागे राहिली. ती पुढच्या वळणावर बाभळीत अडकलेली सापडली.

"तू झोपेल व्हता! मन्ही बहीणले तूच मारं!" तिचा भाऊ हेमराज भर चौकात भिलाच्या अंगावर धावून गेला.

"मी दोनदा बटन दाबं रे," भिला एवढंच म्हणत राहिला. कुणी ऐकलं नाही. बंधारा चालवणाऱ्या संस्थेने त्याला कामावरून काढलं आणि केबिनला कुलूप लावलं. आतला संगणक चालूच राहिला.

रंजिताच्या कंपनीचे मालक योगेंद्रसर म्हणाले, "केबिनवाल्याची चूक आहे असं सगळं गाव म्हणतंय. आपण कशाला मध्ये पडायचं?"

तरी ती गेली. घाटावर धनुबाईच्या दहाव्याला माणसं जमली होती. कुणाच्या नजरेला नजर न देता तिने शिडी लावून खांबावरची पेटी उघडली आणि लॅपटॉप जोडला. पेटी नवी होती. जुनी विजेने जळाली होती आणि पेटीची देखभाल करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाने दुसरी बसवली होती. नव्या पेटीचा पत्ता वेगळा होता, हे रंजिताला कुणी कळवलं नव्हतं. तिचं सॉकेट अजून जुन्याच पत्त्याला जोडलेलं होतं, आणि तिथे कुणीच नव्हतं. या लायब्ररीत जोडणी झाली म्हणजे समोर कुणी आहे असं नसतं, हे तिने वाचलेलं होतं. मग हिरवा ठिपका कशाचा, हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नव्हता.

बघू या म्हणून तिने पेटीला जुना पत्ता दिला.

डोक्यावर भोंगा किंचाळला. लोक पिंड तसाच टाकून काठावर धावले. भोंगा थांबला आणि पुन्हा वाजला. नदी शांत वाहत होती.

रंजिताने लॅपटॉप मिटला. ती खाली आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हे त्या दिवसाचे निरोप आहेत. भिलाभाऊंनी खरंच दोनदा बटण दाबलं होतं. निरोपच अडकून पडले होते. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे."

हेमराज मटकन खाली बसला. मुंडण केलेल्या डोक्यावर हात ठेवून भिला उभा होता.

"आते वाजीसन काय करू ताई?" तो म्हणाला. "जिले ऐकनं व्हतं, ती तं गयी."

संस्थेच्या बैठकीतही रंजिताने हेच सांगितलं. पेटीने वाजल्याचं उलट कळवल्याशिवाय ठिपका हिरवा होणार नाही, असा बदल तिने करून दिला. त्यानंतर योगेंद्रसरांनी तिला दुसरी नोकरी बघायला सांगितलं. संस्थेने भिलाला परत बोलावलं, पण त्या केबिनमध्ये तो पुन्हा पाऊल ठेवायला तयार झाला नाही. तो सुरतेला एका गोदामावर राखणीला गेला.

पुढे शहाद्याच्या बाजारात तिला हेमराज भेटला. तिने भिलाभाऊंची चौकशी केली.

"घरले कुलूप शे," तो म्हणाला. "तो काय आते येत नही."