नाईक थापाच्या नावाची जागा

डेहराडून ही माझी शेवटची पोस्टिंग. रविवारी फौजेची लिबर्टी गाडी, म्हणजे सुटीची गाडी, आम्हाला बाजारात सोडायची. गढवाली, गोरखा, पंजाबी, तिबेटी, सगळ्यांची दुकानं एकाच रस्त्यावर. मी कन्हानचा. भाव पाडल्याशिवाय काही घेत नाही. त्या दिवशी एका तिबेटी बाईकडून स्वेटर निम्म्या भावात काढला. आमचा ड्रायव्हर नाईक दिल थापा त्याच शहरातला गोरखा. म्हणाला, "मराठा, इनको भी जीने दो."

परतताना रौ ओलांडायची होती. रौ म्हणजे एरवी कोरडी असणारी, नुसत्या गोट्यांची नदी. आमच्यावर आभाळ स्वच्छ होतं. पाऊस वर डोंगरात पडला होता. गाडी मधोमध असताना लोंढा आला आणि इंजिन बंद पडलं. थापासकट आम्ही सहा जण. केबिनच्या टपावर चढलो.

थापाने वायरलेस सेटवर युनिटला कळवलं.

"जगह मत छोड़ो. रिकव्हरी आ रही है. ओव्हर."

दर वेळी तेच उत्तर. पाणी बॉनेटवर आलं. गाडी हलायला लागली. सावनेरचा सुनील माझा पट्टा धरून बसला होता.

"मले पोहता येत नाही गा."

"मले तरी कुठं येते? धरून राह्य."

"तो स्वेटर तं सोड. दोन्ही हातानं धर."

"निम्म्या भावात भेटला. नाही सोडत."

थापा गाडीला बांधलेल्या टो-रोपचं, म्हणजे ओढायच्या दोराचं, दुसरं टोक कमरेला बांधत होता. मी म्हणालो, "हुकूम नहीं है."

"हुकूम देने वाला यहाँ नहीं बैठा."

तो उतरला. काठावरच्या झाडाला त्याने दोर बांधला. आम्ही चौघे दोर धरून निघालो. सुनीलचे हात टपावरून सुटेनात. थापा परत गेला, त्याला काठापर्यंत आणलं, माझ्याकडे ढकललं. तेवढ्यात वाहत आलेलं झाड थापावर आदळलं. रिकव्हरीची मदतगाडी पोचली तेव्हा तो दिसत नव्हता. सकाळी खालच्या वळणावर सापडला.

चौकशीत लिहिलं गेलं: हुकूम मोडला. म्हणून युनिटच्या शहीद स्मारकाच्या भिंतीवर त्याचं नाव नाही.

मी निवृत्त झालो, कन्हानला हार्डवेअरचं दुकान उभं केलं. दर वर्षी त्याचं नाव कोरा म्हणून सांगायला डेहराडूनला जातो. युनिटच्या ऑफिसात माझा आवाज चढतो, मला बाहेर काढतात. मागच्या खेपेला एक साहेब म्हणाले, थापाच्या आईच्या नावे प्रशस्तिपत्र देतो, विषय संपवा. मी म्हणालो, पत्र ठेवा तुमच्याकडे.

नंतर थापाच्या आईकडे जातो. ती चहा ठेवते.

"नाम लगा, बेटा?"

"अभी नहीं, आमा."

भिंतीवर शेवटच्या नावाखाली दगड कोरा आहे. तेवढ्यात 'नाईक दिल थापा' नीट बसतं. यापेक्षा कमीत मी मानणार नाही.