देवाची पेटी

"कान पकड. पोरांना लावतेस ना पकडायला? आता तू पकड."

मॅडम म्हणाल्या. सगळ्यांसमोर. आणि मी पकडले. दुसऱ्या वर्गाच्या प्रणाली टीचरने माझी पोर उचलून घेतली होती, माझे हात रिकामे होते. दोन्ही कान पकडले मी.

शाळेत नाय झालं हे. मॅडमच्या कलमांच्या बागेतल्या मांगरात, आंबे ठेवायच्या खोपटात झालं. मॅडम म्हणजे आमच्या चेअरमनची बायको. शाळा त्यांची, बाग त्यांची, आणि आंबा सुरू झाला की आम्ही बालवाडीच्या टीचरपण त्यांच्याच. रविवारी यायचं, आंबे निवडायचे, पेंढा घालून पेट्या भरायच्या. फुकट. "आपली शाळा म्हणजे एक कुटुंब आहे," असं बोलायच्या. कुटुंबातल्या मॅडम खुर्चीवर. कुटुंबातल्या आम्ही खाली.

त्या दिवशी पहिला आंबा उतरवलेला. त्यांची पहिली पेटी गणपतीपुळ्याला देवाला जाते. म्हणून मॅडमनी आधी विचारलं, "कोणाची अडचण नाही ना?" मोठ्याने. टेम्पोवाला उभा होता तिथं. आम्ही माना खाली घातल्या.

पोर माझी पाच महिन्यांची. सासूबाई तापाने पडलेल्या, नवरा मुंबईत हॉटेलात कामाला, ठेवणार कोणाकडे? आणली बरोबर. खाली मुंग्या होत्या. एक पेटी रिकामी दिसली, आत मऊ पेंढा, तिच्यात निजवली. ती देवासाठी बाजूला काढलेली, मला काय माहीत? सगळ्या पेट्या सारख्याच हो. आणि लहान लेकरू ते. मुतली.

"विटाळलीस! देवाची पेटी विटाळलीस! बारावी नापास, अक्कल कुठून असणार? मी ठेवलंय म्हणून, नाहीतर तुला दारात कोण उभं करेल?"

मग कान.

पोर रडत होती भुकेने, माझा ब्लाऊज दुधाने भिजला, आणि मी कान पकडून उभी. टेम्पोवाल्याची मुलगी माझ्या वर्गात आहे. रोज गेटवर "नमस्कार टीचर" म्हणतो तो. त्याने तोंड फिरवलं, टायर बघत बसला. हसला असता तरी चाललं असतं. त्याला माझी दया आली. ते मला आजपण सहन होत नाय.

देवाची दुसरी पेटी मीच भरली. एक डागी आंबा जाऊ दिला नाय. भ्याले होते. नोकरी गेली तर खायचं काय?

शबाना टीचर आमच्याच शाळेतली, गेल्या वर्षी गोव्याच्या एका शाळेत लागली. सोमवारी शाळेच्या संडासात शिरून तिला फोन केला.

"पगार किती गो?"

तिने सांगितला. जास्त होता, पण खोलीचं भाडं गेलं, गाडीभाडं धरलं, की इथल्यापेक्षा थोडाच वर. कंत्राट अकरा महिन्यांचं, पुढचं त्यांच्या मर्जीवर.  मग विचारलं, "शाळा सोडून दुसरं काय काम सांगतात?"

ती हसायला लागली. "अगो, काजू मायंदाळ हायत इथं. पण सोलायला टीचरना नाय बोलवत."

"आणि पोर?"

"शाळेतच पाळणाघर हाय. मधल्या सुट्टीत जायचं नि पाजायचं."

पाजायचं. माझा हिशोब तिथंच संपला.

नवरा फोनवर म्हणाला, "परराज्यात? चार पैशांसाठी? तिथं कोण हाय आपलं?"

मी म्हटलं, "हितं कोण हाय?"

सासूबाई रडल्या. "एवढ्याशा लेकराला परमुलखात नेतंस, काय झालं म्हणजे गो बाय?" मलापण तीच भीती. पण कानाचं मी दोघांनाही सांगितलं नाय. आज पहिल्यांदा सांगतेय.

मे महिन्यात एक दिवस मॅडमना पोरीला ताप आहे म्हणून सांगितलं आणि गोव्याला जाऊन डेमो देऊन आले. पोर दाराबाहेर शबानाकडे दिली होती, सवयीने. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "बाळाला बाहेर का ठेवलंत? आत आणा." त्यापण उद्या बदलतील, खुर्चीवरच्या बाया मी बघितल्यात. तरी हो म्हटलं. प्रणालीचंपण तिथंच जमवलं.

इथं कोणाला सांगितलं नाय. नोकरी सोडताना महिनाभर आधी सांगायची पद्धत आहे, मुद्दाम नाय सांगितलं. अख्खा मे हसत हसत पेट्या भरल्या.

उद्या शाळा उघडतेय. पाहुणे येणार, मॅडम गेटवर गुलाब घेऊन उभी राहणार. आणि बालवाडीचे दोन्ही वर्ग, टीचर एकपण नाय. पहिल्या दिवशी पोरं कशी रडतात ते तिला ठाऊक नाय. ओकतात. चावतात. मुततात. मुतू देत. बघू कोणाकोणाला विटाळ म्हणते. टेम्पोवाल्याची मुलगी मला शोधेल. तरी जाणार.

आत्ताच मॅडमचा फोन आला होता. "सकाळी लवकर ये, रांगोळी काढायचीय."

"हो मॅडम," म्हटलं.

आम्ही तेव्हा गाडीत असू. तिचा फोन येईल.  मी उचलणार. मागे पोरांचा कालवा ऐकू आला की एवढंच बोलणार, "मॅडम, कान पकडा."