पंखावर फोडलेला नारळ

शर्यतीच्या आदल्या दिवशी माझी नोकरी वाचवली ती चौलच्या एका म्हाताऱ्या होडीवाल्या चाचांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या शेडमध्ये आभार मानले जातात ते फक्त गाडीतून आलेल्यांचे.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली. पोहता अजून येत नाही, पण खाडीकाठच्या या शेडमध्ये मालकांची शर्यतीची होडी सांभाळतो. एकाच माणसाने चालवायची, कार्बन फायबरची होडी, खाली उलट्या टी-सारखा पंख. वेग आला की पंख होडीला पाण्याबाहेर उचलतो आणि ती उडते. मालक बसले की सहसा उडत नाही.

पंखाच्या तडकलेल्या पुढच्या कडेला मी जोड दिला होता आणि चार दिवस पाणकागदाने घासून ती गुळगुळीत केली होती. पंख स्टँडवर ठेवून चहाला गेलो. परत येतो तर मालक हातात नारळ घेऊन उभे, मित्र मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. कोळी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ वाढवतात, हे त्यांनी कुठेतरी पाहिलेलं. ती नाळ जाडजूड लाकडाची असते, हे पाहिलेलं नाही. उडवतो पंख, तर मान पंखाचा, एवढीच त्यांची अक्कल. दोनदा हुकले. तिसऱ्यांदा नारळ पंखावर बसला. नारळ शाबूत, कड दबली.

"कसला जोड मारलास रे? एका नारळात गेला! उद्यापासून येऊ नकोस."

घरी कोणत्या तोंडाने जायचं?

चाचा पाणकागद मागायला आले होते, ते दारातच थांबलेले. आत येऊन त्यांनी खिशातलं नाणं काढलं. "शेठ, कान द्या जरा." माझ्या जोडावर नाणं वाजवलं: टण्, टण्. दबल्या जागी: थप्प. "पोराचा जोड हाय तसा हाय. तुमचा नारळ त्याच्या बाजूला पडला. तिसऱ्यांदाबी हुकलात."

मित्र फिस्सकन हसला. व्हिडिओ चालूच होता.

मालकांनी माफी मागितली नाही. त्या जातकुळीतली माणसं मागत नाहीत. "बरं, मग आता चिकटव पटकन," म्हणाले आणि जेवायला गेले. म्हणजे मी राहिलो.

सुटलेले थर खरवडले, रेझिनमध्ये भिजवलेलं कापड भरलं, पंख तापल्या पत्र्याशेजारी उन्हात वाळवला. कार्बनला 'काळं प्लास्टिक' म्हणून नाक मुरडणारे चाचा संध्याकाळपर्यंत माझ्यासोबत बसून कड घासत होते. दुसऱ्या दिवशी होडी उडाली. पहिल्याच वळणावर मालक पाण्यात पडले, ते त्यांचं स्वतःचं कसब.

चाचांची होडी वाळूत उलटी पडली आहे. बूड कुजलंय आणि फायबर ते लावू देत नाहीत. लाकूडकाम मला येत नाही, पण शिकेन. एक दिवस तिला सागवानी बूड मी माझ्या हाताने बसवून देणार. चाचा फळीफळीत खोट काढतील. काढू देत.