बिनफोडणीचे आलू

मुलगी नर्स होऊन जर्मनीला निघाली तेव्हा मेडशीत जो भेटेल तो एकच विचारायचा, तिकडे बर्फ पडतो का. पडतो, मी म्हणायची. बर्फाची मला काळजी नव्हती, त्याला स्वेटर होता. ही पोरगी तिथे खाणार काय, हे मला कुणाला तरी विचारायचं होतं, आणि ते सांगू शकेल असं माणूस गावात नव्हतं. आमच्या माहितीत जर्मनीला गेलेली तीच पहिली.

माझा स्वभाव काळजीचा आहे, हे मी आधीच कबूल करून टाकते. हे, म्हणजे माझा नवरा, म्हणतात की मला काळजी करायला कारण लागत नाही, नुसती सवड लागते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी कोणतं पोर उपाशीपोटी आलं आहे ते मला त्याच्या तोंडाकडे पाहून कळतं. पण मोबाइलच्या काचेतून काही कळत नाही. सगळेच तिथे थोडे फिकट आणि थोडे हसरे दिसतात.

आमची दिवेलागण म्हणजे तिची ड्युटी सुटायची वेळ. रोज तेव्हा फोन यायचा आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला, जेवलीस का. सुरुवातीला ती बारीकसारीक सगळं सांगायची. इथून नेलेल्या डाळीचं वरण केलं, भात जरा चिकट झाला, असं. मग काही दिवस नुसतंच ‘जेवली’. आणि मग एक दिवस म्हणाली, आलूची कोशिंबीर केली होती. तिकडे ती घरोघरी करतात, सणाला करतात, लग्नात करतात. उकडलेले आलू, कांदा, मोहरी, थोडं आंबट. मला फार बरं वाटलं. आलू आपला, कांदा आपला, मोहरी आपली. परक्या मुलखात पोरीला ओळखीचं काहीतरी सापडलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशीही आलूची कोशिंबीर. तिसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, अगं कंटाळा कसा येत नाही. तर म्हणे, पाच मिनिटांत होते आई, ड्युटीवरून आली की करते आणि गरम गरम खाते.

थोडे दिवस मी शांत होते. मग माझं नेहमीचं सुरू झालं. तिची गालफडं बसल्यासारखी दिसत होती. ती म्हणायची कॅमेरा तसा आहे. हे म्हणायचे, पोरगी नर्स आहे, तिला समजतं. असं म्हणायचे खरं, पण रात्री ताटावर बसले की पहिला घास हातातच धरून विचारायचे, आज काय जेवली म्हणे.

आपलं लेकरू रोज जे खातं त्याची चव आपल्याला माहीत नसावी, हे मला पटेना. म्हणून एका रविवारी मी ती कोशिंबीर घरी करायला घेतली. मोबाइलवर एक जर्मन म्हातारी सापडली. ती काय बोलत होती ते देवाला ठाऊक, मी तिच्या हातांकडे पाहत होते. व्हिनेगर मी आधीच वाशीमहून आणून ठेवलं होतं. दुकानदाराने विचारलं, मॅडम, चायनीजची गाडी लावता काय. म्हातारीने एका बाटलीतून पिवळी मोहरी पिळून घातली. ती काय आहे हे मला पाहताक्षणीच समजलं. लोणच्याला आपण मोहरी फेसतो, तेच ते. माझ्याकडे मोहरीची डाळ होती. पाणी घालून ती नाकात झिणझिण्या येईपर्यंत फेसली.

बाकी मात्र सगळं बिघडलं. म्हातारी आलू गरम असतानाच सोलत होती, म्हणून मीही सोलायला गेले आणि बोटं भाजून घेतली. तिच्या चकत्या पातळ आणि अखंड, माझे आलू पिठूळ, सुरी लागली की फुटायचे. वरून तिने गरम पाणी ओतलं. कांदा, मीठ, मिरी घालून उकळलेलं पाणी. त्यात व्हिनेगर, मोहरी, तेल. मीही ओतलं. मग मला राहवेना. मी हलवत राहिले, हलवत राहिले, आणि भांड्यात लगदा आणि पाणी असे दोन भाग झाले. चाखून पाहिलं तर आंबट एकीकडे, आलू एकीकडे. यांनी एक घास घेतला आणि लोणच्याची बरणी जवळ ओढली.

माझे डोळे भरून आले. माझी पोरगी यावर जगते आहे, असं मनात आलं. भांड्यावर झाकण आपटलं आणि वह्या तपासायला बसले. हे शेतात निघून गेले.

संध्याकाळी गाईच्या टोपल्यात टाकावं म्हणून झाकण काढलं, तर भांड्यात पाणीच नव्हतं. आलूंनी सगळं पिऊन टाकलं होतं. बोटाने चाखलं. आंबट, खारट, मोहरीचा झणका, सगळं आत मुरलेलं. ओट्याशी उभ्यानेच मी दोन घास खाल्ले. चांगली लागत होती. चांगली लागते आहे म्हणून मी खूश झाले, आणि त्याच घासाला तिचं बोलणं आठवलं.

पाच मिनिटांत होते, गरम गरम खाते, असं ती म्हणत होती.

मी परत म्हातारीचा व्हिडिओ लावला. तिने पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आणि मध्येच चित्र तुटून पुढे गेलं. तिच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं. झाकण ठेवताना आणि झाकण काढताना मी काटे पाहिले. चांगला तासाच्या वर वेळ गेला होता. ही कोशिंबीर पाच मिनिटांत होऊच शकत नाही आणि गरम तर कुणीच खाणार नाही. जिने ती एकदा जरी केली असेल तिला हे माहीत असतं. माझ्या मुलीला माहीत नव्हतं.

म्हणजे ती करत नव्हती. मग ती काय खात होती?

यांना सांगितलं. हे हात धुऊन येऊन बसले. मी म्हटलं, आत्ताच फोन लावते आणि सरळ विचारते.

“नको विचारू,” हे म्हणाले. “आता कमीत कमी खोटं तरी सांगते. पकडली तं तेही सांगनं बंद करन.”

तो आठवडा कसा काढला ते मलाच माहीत. रोज दिवेलागणीला विचारायचं, जेवलीस का, आणि तिने म्हणायचं, हो, आलूची कोशिंबीर. आणि मी म्हणायचं, छान. शाळेत खिचडी वाढताना माझा हात थांबायचा. मनात नाही नाही ते येत होतं. आजारी आहे. काम सुटलंय. कुणी काही बोललं असेल. रडत असेल आणि तोंड धुऊन फोन लावत असेल. एकदा वाटलं, तिच्या मैत्रिणीला गाठून विचारावं, मग कळलं की तिची तिथली एकही मैत्रीण मला माहीत नाही.

शेवटी मी तिला म्हटलं, माझी कोशिंबीर काही जमत नाही, नुसता लगदा होतो. रविवारी तू तिकडे कर, मी फोनवर पाहून पाहून इकडे करेन. ती म्हणाली, आई, एकच तर सुट्टी असते. मी म्हटलं, बरं, मग पुढच्या रविवारी. तिने थोडे आढेवेढे घेतले. मग म्हणाली, ठीक आहे, शनिवारीच आलू आणून ठेवते, रविवारी इथे दुकानं बंद असतात. आलू आणून ठेवते म्हणजे घरात आलू नव्हते. मी काही बोलले नाही. इतकं न बोलणं मला जन्मात कधी जमलं नव्हतं.

रविवारी दुपार कलताना आम्ही बसलो. तिच्याकडे तेव्हा दुपारचे जेमतेम बारा. मी मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला. हे दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसले. स्वयंपाकघरात हे कधी बसत नाहीत, पण त्या दिवशी मीही काही म्हटलं नाही. तिने फोन फिरवून तिचं स्वयंपाकघर दाखवलं. पांढरं, लख्ख. ओल्या फडक्याचा डागसुद्धा नाही. तिची शेगडी विजेची, काचेसारखी सपाट, आणि त्या शेगडीवर पावाचं पाकीट, केळी आणि बिस्किटांचे दोन पुडे ठेवले होते.

रोज पेटणाऱ्या शेगडीवर कुणी पाव ठेवत नाही.

तिच्या लक्षात आलं असावं. तिने घाईने ते सगळं उचललं, पातेल्यात पाणी घेतलं, आलू टाकले, पातेलं शेगडीवर ठेवलं. मग बटनावर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. बटन काही फिरवेना. एकदा वर छताकडे पाहिलं, पुन्हा पातेल्याकडे.

मी विचारलं, काय झालं व. आणि ती उभ्या उभ्या रडायला लागली.

मग हळूहळू सगळं निघालं. गेल्यावर थोड्याच दिवसांत, एका संध्याकाळी तिने वरणाला फोडणी दिली होती. मोहरी, हिंग, लाल मिरची, आपली रोजचीच. ठसका उठला तसा छताला लावलेला, धूर लागला की वाजणारा भोंगा कोकलायला लागला. त्यामागून सगळ्या इमारतीचे भोंगे. माणसं सपातांवर, ब्लँकेटं पांघरून, थंडीत खाली अंगणात. आगीचा बंब आला. टोप घातलेले जवान तिच्या खोलीत शिरले आणि तिची छोटी कढई हातात धरून बाहेर आले. कुणी रागावलं नाही. एकजण तर हसून काहीतरी बोलला, ते तिला नीट कळलं नाही. ती मात्र हिंगाच्या वासाच्या कपड्यांनी त्या सगळ्यांच्या समोर उभी होती. तेव्हापासून तिने शेगडी लावली नव्हती. पाव, केळी, दही, बिस्किटं. आलूची कोशिंबीर तिच्याबरोबरची एक नर्स डब्यात आणते, तिने एकदा चमचाभर चाखली होती, तेवढीच.

“मले काहून नाही सांगितलं?” मी म्हटलं.

“तू बी जेवली नसती मंग,” ती म्हणाली.

यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, त्या काचेत हात घालावा आणि तिला बाहेर ओढून घ्यावी, नोकरी गेली खड्ड्यात. तसं म्हणणारही होते. पण ती बटनावर हात ठेवून उभी होती, अजूनही. हात तिने काढला नव्हता.

“याले फोडणी लागत नाही, माय,” मी म्हटलं. “तेल तापवाच लागत नाही. नुसतं पाणी उकळते. पाण्यानं भोंगा वाजत नसते. फिरव बटन.”

पाण्याने भोंगा वाजतो की नाही हे मला काय ठाऊक. पण वर्गात सांगते तशा आवाजात सांगितलं. तिने बटन फिरवलं. मी वर झाकण ठेवायला लावलं, खिडकी उघडायला लावली. थंडी येते म्हणाली, मी म्हटलं येऊ दे. मग पाणी उकळेपर्यंत ती तिच्या छताकडे पाहत होती, आणि मी इथे मेडशीत बसून तिच्याच छताकडे पाहत होते. भोंग्याची ती पांढरी गोल डबी मला दिसत होती. वाफ निघाली. डबी गप्प राहिली. आलू शिजेपर्यंत गप्प राहिली.

मग आम्ही दोघींनी सोलले. काट्याला टोचून धर, बोटं भाजतील, असं मी तिला सांगितलं. या खेपेला मी बाजारातून नवे आलू निवडून आणले होते, त्यांच्या चकत्या धड पडल्या. कांदा, गरम पाणी, मोहरी, व्हिनेगर. तिने चमचा आत घातला, हलवायला लागली.

“हात नको लावू,” मी म्हटलं. “झाक आन् बस.”

ती बसली. फोन कुणीच ठेवला नाही. ती वॉर्डातल्या एका आजोबांबद्दल बोलली, ते तिला रोज नवीन नावाने हाक मारतात. बुटांबद्दल बोलली. बापाने विचारलं, बर्फ पडला काय, आणि तिने खिडकीतून दाखवला. मध्येच ती झाकण उचलून पाहायची, आणि मी ओरडायची.

मुरायला हवी तेवढी मुरली. तिने ताटलीत वाढून घेतली. आमचीही तयार होती. हे आमच्या भांड्यात डोकावून म्हणाले, आपल्याले तरी फोडणी दे, इथं कोनता भोंगा हाये. मी छोट्या कढईत तेल तापवलं. मोहरी टाकली, हिंग, लाल मिरची. ती तडतडली, यांना जोराचा ठसका लागला.

“आई,” फोनमधून आवाज आला, “फोन कढईजवळ ने.”

मी नेला.

“आखीन जवळ.”

एरवी मला तेल उडून मोबाइल बिघडायची काळजी वाटली असती. मी तो कढईच्या काठावर धरला. काचेत तिचा नुसता कान आणि केस दिसत होते. मग ती सरळ झाली, डोळे मिटलेले, आणि तिने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. इकडे मोहरी तडतडायची थांबली, तसा तिचा हात ताटलीवर थांबला. मी आच वाढवली आणि आणखी चिमूटभर मोहरी टाकली. ती पुन्हा खायला लागली. मोहरी जळून कढई काळी पडली, हे खोकत खोकत बाहेर गेले, आणि तिची ताटली रिकामी होईपर्यंत मी चिमूट चिमूट मोहरी टाकत राहिले.