डाव्या कोपऱ्यातलं पाणी

आमच्या बाबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, पाणसळ असते. बोटभर लांबीची, पिवळी, आत हिरव्या पाण्यात एक बुडबुडा. गवंडी सपाटी बघायला वापरतात ती. बाबा गवंडी नाहीत. ते एकतीस वर्षं एका शाळेच्या मैदानावर माळी होते, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी जगातली एकही वस्तू दुसऱ्याच्या शब्दावर सपाट मानली नाही. नवा फ्रीज आला, त्यावर पाणसळ. माझं अभ्यासाचं टेबल आलं, त्यावर पाणसळ, आणि मग एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. माझ्या लग्नात पाहुणे येऊन बसले होते आणि नवरीचा बाप स्टेजवर ओणवा होऊन बुडबुडा बघत होता. सासरच्यांना वाटलं, अंगठी हरवली असेल.

एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले! गॅस बंद केला की दोनदा बघायचा. कुलूप लावलं की ओढून बघायचं, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, आणि तिथून परत येऊन पुन्हा ओढायचं. यापायी आमच्या किती बस चुकल्या याची गणती नाही. आई म्हणते, "माझा निम्मा संसार कुलपापाशी उभं राहण्यात गेला." मला या सगळ्याचा भयंकर राग यायचा. मी शांत स्वभावाची नाहीच, आणि जी काही शांतता होती ती या माणसाने संपवली.

तर या बाबांचे दोन्ही गुडघे गेले. सोमवारी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, नवे सांधे बसवल्यावर चालाल, जिने चढाल, पण गुडघे टेकून बसणं विसरा. बाबा सगळं ऐकून बाहेर आले आणि रिक्षात बसता बसता म्हणाले, "मग त्याच्याआधी मला एकदा डोंगरावर जायचंय."

कुठला डोंगर ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत लागण्याआधी बाबांनी दीड वर्ष एका डोंगरमाथ्यावर गोल्फचं मैदान तयार करायचं काम केलं होतं. आता तिथे मोठं रिसॉर्ट आहे, कॅलेंडरवर वगैरे त्याचे फोटो येतात. गोल्फच्या मैदानात अठरा छोट्या गुळगुळीत हिरवळी असतात, प्रत्येकीत एक भोक आणि एक झेंडा. त्यातली सातवी बाबांनी स्वतःच्या हातांनी केली होती. 'माझी सातवी' म्हणत ते आमच्या लहानपणापासून आमचे कान किटवत आले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला आपली कामगिरी एकदा डोळे भरून बघायची असेल. चला, नेऊ या.

शुक्रवारी सकाळी निघालो. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी, बाबा मागच्या सीटवर आडवे पाय करून. पहिल्या चहाला बाबांनी टायरमधली हवा तपासायला लावली. दुसऱ्या थांब्याला डिकी नीट लागलीय का ते. घाट सुरू व्हायच्या आधी पुन्हा टायर. माझा नवरा गरीब गाय आहे, तो तिन्ही वेळा उतरला. चौथ्यांदा मागून आवाज आला, "जावईबापू, ब्रेक एकदा बघून घेता का?" तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"बाबा, पुरे करा! दुसऱ्याने केलेलं काम एकदा तरी बरोबर असू शकतं की नाही?"

मागच्या खिडकीची काच वर गेली. मला वाटलं, रुसले. मग ते म्हणाले, "दुसऱ्याचं बरोबरच असतं गं. माझंच एक चुकलेलं आहे."

आणि घाटाच्या वळणावळणांत त्यांनी आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. हिरवळीच्या पोटात भोकं पाडलेले पाईप घालतात. पावसाचं पाणी त्यात झिरपून बाहेर जातं, म्हणून पाईप एका बाजूला किंचित उतरता लागतो. सातवीच्या डाव्या कोपऱ्यातला शेवटचा पाईप राहिला होता. पाणसळ वर शेडमध्ये राहिली होती आणि खाली जाणारा शेवटचा ट्रक भोंगा वाजवत होता. त्याच दिवशी निरोप आला होता, घरी मुलगी झाली म्हणून.

"डोळ्यांनीच अंदाज घेतला आणि माती लोटली," बाबा म्हणाले. "मुकादमाने ट्रकमध्ये विचारलं, 'उतार बघितलास?' मी म्हटलं, 'बघितला.'"

"आणि मग?"

"आठवड्याने परत गेलो तर वरून हिरवळ अंथरून झाली होती. पाईपचं एक तोंड बाहेर होतं, त्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा उलट्या बाजूला. आता एका टोकावरून सगळा पाईप कळत नाही. आत बरोबर असेलही. पण मी बोललो नाही. नवं काम, घरात तू. दोन महिन्यांत ते काम संपलं आणि मी खाली आलो."

"म्हणजे हे सगळं माझ्यामुळे?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुझ्यामुळे कशाला? तू तर झोपलेली होतीस."

त्यांना सातवी डोळे भरून बघायची नव्हतीच. डाव्या कोपऱ्यात गुडघे टेकून तळवा दाबायचा होता. पाणी साचत असेल तर ते बोटांच्या मधून वर येतं, वरून बघून कळत नाही. छत्तीस वर्षांचं ओझं, आणि ते तपासायला शेवटचे दोन दिवस. मला इतकी चीड आली, त्यांची, त्या मुकादमाची, भोंगा वाजवणाऱ्या ट्रकवाल्याची. हा माणूस एका शब्दापायी आयुष्यभर कुलपं ओढत बसला!

रिसॉर्टवर पोचलो तर समोर दऱ्याच दऱ्या, ढग पायाखाली, सगळे लोक आहा-ओहो करत फोटो काढतायत. आम्ही थेट काउंटरवर. तिथली मुलगी फार गोड हसली. "हिरवळीवर फक्त खेळाडू, सर."

"सातवी मी केलेली आहे," बाबा म्हणाले.

"हो सर, खूप छान," ती म्हणाली आणि तसंच हसली.

मॅनेजर म्हणाला, लेखी अर्ज द्या, पंधरा दिवसांत कळवू. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी यांचे गुडघे स्टीलचे असतील. तो म्हणाला, मग शिकाऊ खेळाडूंचा वर्ग लावा. लावला. अर्धा तास बाबा हातात काठी धरून उभे, आणि शेवटी कळलं की शिकाऊ मंडळींना इमारतीमागच्या सरावाच्या तुकड्यापलीकडे सोडतच नाहीत. मी हात टेकले. बाबांनी काठी पुसून जागच्या जागी ठेवली, त्याचाच जास्त त्रास झाला.

वाट काढली ती नवऱ्याने. जेवणाच्या हॉलबाहेर एक फलक होता: 'लग्नाचा वाढदिवस? सातव्या हिरवळीवर खास फोटो. पाच मिनिटं.' हा गृहस्थ, ज्याला फोनवर 'साहेब घरी नाहीत' म्हणतानाही घाम फुटतो, काउंटरवर जाऊन म्हणाला, "उद्या आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. सोबत सासरे आहेत." आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला पाच महिने अवकाश होता.

शनिवारी सकाळी दाट धुकं. बॅटरीच्या छोट्या गाडीतून आम्हाला नेलं. गाडी चालवणारी पन्नाशीची बाई तिथल्या गवताची मुकादम होती. फोटोवाले गवत तुडवतात म्हणून त्यांच्याबरोबर ती जातीने यायची. सातचा फलक दिसला तसे बाबा सावरून बसले. "झाडं किती वाढली," म्हणाले. "आणि आकार जरा मोठा केलेला दिसतोय."

आम्ही दोघं झेंड्यापाशी उभे राहून हसायला लागलो. फोटोवाला ओरडत होता, "काका, जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय!" काका कुठले बाजूला होतायत. ते मला डाव्या कोपऱ्याकडे घेऊन गेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधी उजवा गुडघा टेकला, मग डावा, आणि दोन्ही वेळा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. मग त्यांनी गवतावर तळवा दाबला. उचलला. पुन्हा दाबला.

"कोरडं आहे गं," ते म्हणाले. "कोरडं ठणठणीत आहे!"

आणि माझा बाप तिथे गुडघ्यांवर बसून रडायला लागला. मी पण. फोटोवाला म्हणाला, वा, फार सुंदर भाव आलेत. बाबांना उठवायला मी, नवरा आणि ती मुकादमबाई, तिघं लागलो. पुन्हा बसायची वेळ आली असती तर ते उठलेच नसते.

खाली आल्यावर नवऱ्याने बाबांना बाकावर बसवलं. मुकादमबाईंनी मला विचारलं, "काका तो कोपरा का चाचपत होते?" माझा जीव इतका भांड्यात पडला होता की मी सगळं सांगून टाकलं. पाईप, ट्रक, बुडबुडा, सगळं.

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "पण ही तेव्हाची सातवी नाही. नवी इमारत पलीकडे बांधली तेव्हा खेळ तिकडून सुरू झाला. पहिल्या नऊ मागे गेल्या, मागच्या नऊ पुढे आल्या. जुनी सातवी म्हणजे आताची सोळावी."

"आणि तिचा डावा कोपरा?"

"त्याचं नाव काढू नका. सदा ओला. दर वर्षी खणतो, दर वर्षी पाणी. केलं कुणी, देव जाणे, असं म्हणायचो आम्ही." त्यांनी गाडीकडे बोट केलं. "काकांना आणायचंय का? धुकं आहे तोवर नेते मी, मला कोण अडवतंय."

मी बाकाकडे पाहिलं. बाबा नवऱ्याला काहीतरी सांगत होते आणि मोठमोठ्याने हसत होते. हातात पाणसळ होती, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. जगातली प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणाऱ्या या माणसाने फलकावरचा एक आकडा तेवढा एका नजरेत खरा मानला होता. मला त्या बाईंचा राग आला, इमारत बांधणाऱ्यांचा आला, आणि स्वतःचा सर्वांत जास्त, कारण मी एवढं विचारायलाच नको होतं.

"नको," मी म्हटलं.

दुपारी खोली सोडताना बाबांनी दार ओढलं आणि तसेच चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही. घाटातही त्यांनी ना टायरचं नाव काढलं ना ब्रेकचं. नवरा माझ्याकडे बघून खूश होत होता. अर्धा घाट उतरल्यावर मागून आवाज आला.

"पोरी, फलक नीट बघितलास ना? सातच होता ना? रस्ता आपला उलट्या बाजूने आला असं वाटलं मला."

गाडी परत फिरवता आली असती. मी समोरच्या काचेकडे बघत राहिले.

"बघितला, बाबा," मी म्हटलं. "सातच होता."

"बरं," म्हणाले आणि पुढच्या वळणाला झोपून गेले.

सोमवारी ऑपरेशनला आत नेताना त्यांनी पाणसळ माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. मला आता नको." गुडघे उत्तम बसलेत. ते आता काठी न घेता कोपऱ्यापर्यंत जातात, आणि कुलूप बघायला परत येत नाहीत. आई सगळ्यांना सांगत सुटलीय, डोंगराची हवा लागू पडली.

पाणसळ माझ्या पर्समध्ये असते. आज सकाळी ऑफिसला निघताना मी दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, कोपऱ्यापर्यंत गेले, आणि परत आले.